ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, तरी बाई परत विडीला का बसते? सोलापूरचं गणित सोप्या भाषेत

शिवणाचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाले, काहींना मशीनही मिळालं, आणि सहा महिन्यांनी बघावं तर बाई परत उंबऱ्यात बसून विडी वळतेय. सोलापुरात हे सगळ्यांनी बघितलेलं आहे आणि त्यावर लोकांचं उत्तरही तयार असतं, "या बायकांना शिकायचंच नसतं". मला हे उत्तर अजिबात पटत नाही. शिकायचं असतं, मनापासून असतं. पण आपण ज्या वेळेला आणि ज्या पद्धतीने शिकवायला जातो त्यात तिचं घरचं गणित बसत नाही, आणि ते गणित आपण कधी कागदावर मांडून बघत नाही. आज ते मांडू.

आधी विडीचं काम कसं चालतं ते बघा, कारण सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या हजारो घरांचा रोजचा खर्च त्यावर चालतो. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाचं काम कधी आहे कधी नाही असं होत गेलं, नवऱ्याच्या पगाराचा भरवसा राहिला नाही, पण विडी राहिली, आणि विडी वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा, घरी पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, कट्टे करायचे आणि परत कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथं तपासणी होते, ज्या विड्या पसंत पडत नाहीत त्या छाट म्हणून बाजूला निघतात, त्याचे पैसे नाहीत. मजुरी हजार विडीमागे ठरलेली. हात बसलेल्या बाईलाही हजार विडीला अख्खा दिवस जातो, कारण मध्ये पाणी येतं, स्वयंपाक असतो, पोरं शाळेतून येतात, सासूचं औषधपाणी असतं.

अशा बाईला आपण सांगतो की रोज दुपारी २ ते ४ ये, फुकट शिकवतो. आता तासाला शंभर-सव्वाशे विड्या धरा, २ तासांत २०० च्या वर गेल्या. म्हणजे आठवड्यातला एक दिवस तिने कमाईच केली नाही असं झालं, आणि हे ३ महिने. क्लास फुकट आहे हे आपल्या बाजूने खरं आहे, तिच्या बाजूने नाही. त्यात क्लास शहरात आणि बाई शहराबाहेर कुंभारीला राहणारी असेल तर अजून अवघड. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत झाली, २००६ ला घरं ताब्यात मिळाली, स्वतःचं घर झालं ही फार मोठी गोष्ट आहे, पण तिथून अक्कलकोट रोडने शहरात यायचं म्हणजे रिक्षाचं भाडं वेगळं आणि जाण्यायेण्यातला वेळ वेगळा.

म्हणून कुठलंही ट्रेनिंग बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, बुडणाऱ्या मजुरीचं काय? २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, त्यात ५ ते ७ दिवसांचं बेसिक ट्रेनिंग आणि दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे, वर साहित्यासाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर. योजनेत बाकी काय कमी-जास्त असेल ते असो, पण शिकायला आलेल्या माणसाचा दिवस बुडतो हे त्यात धरलंय, आणि माझ्या मते हा त्यातला सगळ्यात शहाणा भाग आहे. जिथं असे पैसे देणं जमत नाही तिथं निदान क्लास गल्लीत आणा, माल देऊन बायका परत आल्यावर ठेवा, लहान पोरांना घेऊन बसता येईल अशा जागी ठेवा. देवळाचा मंडप चालतो, शाळा सुटल्यावरचा वर्ग चालतो.

आता अक्षरओळख. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्यातली बायकांची साक्षरता ६८-६९ टक्क्यांच्या आसपास होती, पुरुषांची ८५. पण हा आकडा नक्की काय मोजतो ते लक्षात घ्या. जनगणनेत ७ वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येत असेल तर तो साक्षर, आणि हे घरी आलेल्या माणसाला घरचे जे सांगतील त्यावर ठरतं, परीक्षा कुणी घेत नाही. त्यामुळे सही करायला शिकलेली कितीतरी बाई त्या आकड्यात साक्षर म्हणून बसलेली असू शकते. "सही येती की मला अक्का, अजून काय शिकू" हे मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलेलं ऐकलंय, आणि त्याच बाईने पुढच्या मिनिटाला मोबाईल माझ्यापुढे धरला, लाडकी बहीणचे १५०० जमा झालेत का बघ म्हणून. मेसेज मराठीतच होता.

सहीने बाई कागदाला बांधली जाते. त्या कागदात काय लिहिलंय हे सहीने कळत नाही. म्हणून मला वाटतं की सही आधी आणि वाचन नंतर कधीतरी, हा क्रमच धोक्याचा आहे, आधी वाचू द्या, त्यातही आधी आकडे वाचू द्या.

आणि वाचायचं काय, तर "कमल बघ, घर बघ" याच्या पुढं तिच्या स्वतःच्या घरातले कागद. विडीच्या नोंदीचं कार्ड किंवा पुस्तक, ज्यात आज किती विड्या घेतल्या, किती छाट गेली हे लिहिलेलं असतं. पीएफचा कागद. बँकेचं पासबुक. लाईट बिल. कर्जाचं कार्ड. विडी कामगारांना पीएफ लागू आहे, त्यातून पेन्शन आहे, किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, रक्कम लहान आहे पण उतारवयात दुसरं काही नसतं तेव्हा तिची किंमत कळते. आणि ती अडकते कुठं तर नावात. आधारवर सासरचं नाव, कारखान्याच्या रजिस्टरला माहेरचं, बँकेत स्पेलिंग तिसरंच, जन्मतारीख कुठंच जुळत नाही. ज्या बाईला स्वतःचं नाव तीन कागदांवर शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं तिला ही चूक पन्नाशीच्या आत सापडते, नाहीतर साठीला काउंटरवर कळते. एक वर्ग तर नुसता यावर घ्यावा, सगळ्यांनी आपापले कागद आणायचे आणि नाव, तारीख, अकाउंट नंबर जुळवून बघायचे. दुसऱ्या दिवशी बोलवावं लागत नाही, बायका आपणहून येतात, शेजारणीला घेऊन येतात.

इथं सोलापूरची एक वेगळी गोष्ट आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी, कुठं उर्दू, कुठं कन्नड. पद्मशाली समाजातली आजी पैसे मोजते तेलुगूत आणि आपण तिला पुस्तक देतो मराठी. बोलता येते म्हणून मराठी वाचताही लवकर येईल असं आपण धरून चालतो, तसं होत नाही, थोडा जास्त वेळ द्यावा लागतो आणि शिकवणारी त्याच गल्लीतली दोन भाषा बोलणारी पोरगी असेल तर फार फरक पडतो. सरकारचा सध्याचा उल्लास कार्यक्रम, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा आहे, १५ वर्षांवरच्या न शिकलेल्यांसाठी, आणि तो चालतोच स्वयंसेवकांवर. कॉलेजातली पोरगी आपल्या आईला, मावशीला, शेजारच्या आजीला शिकवू शकते. नोंदणी जवळच्या शाळेतून होते. शेवटी १५० मार्कांची परीक्षा असते, वाचन, लेखन आणि गणित, प्रत्येकी ५०. गणिताला वाचनाइतकेच मार्क दिलेत हे मला फार बरं वाटलं.

मोबाईलचं शिक्षण याच्यातच धरा, वेगळं नको. यूपीआयचं एकच वाक्य पाठ करून घ्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला की तो फसवतोय. एवढं एक वाक्य कितीतरी बायकांचे पैसे वाचवेल.

लिहिणं-वाचणं आणि हाताचं काम एकत्र शिकवणं हे काही आजचं नवीन नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ ला पुण्यात सेवासदन काढलं तेव्हा तिथं वाचण्याबरोबर शिवण होतं, नर्सिंग होतं, सेवासदनचं काम सोलापुरातही आलं. सुमतीबाई शहांनी सोलापुरात श्राविकाश्रमातून विधवा, परित्यक्ता बायकांसाठी आयुष्यभर काम केलं. तेव्हा विचार सरळ होता, बाईला पायावर उभं राहायचं असेल तर तिला दोन्ही लागतं. मधल्या काळात आपण त्याचे वेगवेगळे डिपार्टमेंट केले, साक्षरता एकीकडे, स्किल दुसरीकडे, कर्ज तिसरीकडे, आणि बाई या तिन्ही ऑफिसांच्या मध्ये हेलपाटे घालतेय.

स्किलचं बघू. सोलापूरचं नाव चादर आणि टॉवेलसाठी जुनं आहे, पण गेल्या काही वर्षांत शाळेच्या युनिफॉर्मचा धंदाही चांगला वाढलाय, म्हणजे शिवणारे हात लागतात. मग शिवण शिकलेल्या बाईला काम का मिळत नाही? कारण क्लासमध्ये ती शिकते घरगुती पायमशीनवर, ब्लाउज, परकर, फॉल-पिको, एक कपडा पहिल्यापासून शेवटपर्यंत. कारखान्यात असतं मोटारीचं वेगवान जुकी मशीन, पायाचा जरा जोर पडला की धावत सुटतं, आणि काम तुकड्यात वाटलेलं असतं, एकीने दिवसभर कॉलरच, दुसरीने बाहीच, तिसरीने ओव्हरलॉक, चौथीने काज-बटन. दर नगावर. तिथं सफाईबरोबर वेग लागतो. ब्लाउज छान शिवणारी बाई पहिल्या आठवड्यात घाबरून जाते, पीस कमी निघतात, पैसे विडीपेक्षा कमी पडतात आणि ती सोडून देते. तिच्यात काही कमी नव्हतं, तिला त्या मशीनवर दोन-तीन आठवडे हात बसवायला मिळाला असता तर ती टिकली असती. म्हणून क्लास निवडताना विचारा, मशीन कुठलं आहे, आणि ट्रेनिंगनंतर काम देणारा एखादा मालक आधीच ठरलाय का. दोन्हीचं उत्तर "बघू" असेल तर तो क्लास फक्त घरच्या ब्लाउजपुरता आहे असं समजा, तेही वाईट नाही, पण मग अपेक्षा तेवढीच ठेवा. शिवणाशिवाय पेशंटची देखभाल हे काम सोलापुरात भरपूर आहे, आजूबाजूच्या जिल्ह्यातून आणि कर्नाटकातूनही लोक इथल्या दवाखान्यात येतात, पण त्यात रात्रपाळी असते आणि घरून परवानगी हा विषय निघतो, त्यावर घरातल्या पुरुषांशीही बोलावं लागतं, फक्त बाईला समजावून भागत नाही.

छोटा धंदा म्हटलं की सोलापुरात दोन गोष्टी लगेच पुढं येतात, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दोन्ही चालतात, पाहुणे बांधून नेतात. आता चटणीचाच हिशोब करू, आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या बाजारचे भाव टाकून बघा. ५ किलो शेंगदाणे १४० च्या भावाने ७०० रुपये, लसूण १००, तिखट १००, मीठ-जिरं २०, गॅस ६०, पाव किलोची २० पाकिटं लेबलसकट ८०, रिक्षा १००. झाले ११६०. भाजून, सालं काढून, कुटून साधारण ५ किलो चटणी, २० पाकिटं. पाकीट ७० ला विकलं, आले १४००. बाई म्हणते २४० सुटले, बरं झालं.

पण हे काम दोघींनी दिवसभर केलंय. भाजणं, चोळणं, पाखडणं, उखळात कुटणं, भरणं. २४० दोघीत म्हणजे एकीला १२०. हीच गोष्ट बहुतेक जणी धरत नाहीत, स्वतःच्या कष्टाची किंमत हिशोबात शून्य. घरचंच काम आहे, त्याचे काय पैसे, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, ते धंद्यातही उतरतं. आता दोघींची मजुरी ३००-३०० धरा, खर्च झाला १७६०, पाकिटाला ८८. आणि दुकानदार २० टक्के कापणार असेल तर पाकिटावर ११० छापल्याशिवाय तुमच्या हातात ८८ येत नाहीत. ११० वर २० टक्के २२, उरले ८८. यात नफा अजून एक रुपयाही नाही, फक्त खर्च आणि मजुरी निघाली.

मग प्रश्न येतो की ११० ला कोण घेईल. बरोबर आहे, अवघड आहे. पण हा प्रश्न आधी कळला तर त्यावर काही करता येतं. शेंगदाणे पोत्याने घेतले तर भाव उतरतो. दहा जणींनी मिळून कुटायचं मशीन घेतलं तर दोघींचं दिवसाचं काम एकीवर येतं. दुकानाऐवजी थेट गिऱ्हाईकाला दिलं तर ते २२ रुपये वाचतात. कडक भाकरीचं तर अजून बरं आहे, ती टिकते, लांब पाठवता येते, आणि ज्वारी आपल्याच जिल्ह्यातली, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव गिऱ्हाईकाला माहिती असतं. उद्योगवर्धिनीसारख्या संस्थांनी सोलापुरात बायकांकडून असे पदार्थ करून घेऊन बाजार मिळवून दिलाय, तेव्हा हे होऊ शकतं, फक्त किंमत ठरवायला बसताना वही-पेन घेऊन बसा.

आता कर्ज, आणि इथं जरा सावकाश वाचा कारण सगळ्यात जास्त बायका इथंच अडकतात. गल्लीत "गटाचं लोन" म्हणतात ते दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक खरा बचत गट. १० ते २० जणी, दर महिन्याला थोडी बचत, नियमित बैठक, आपसात कर्ज, वेळेत परतफेड, वह्या नीट, यालाच पंचसूत्री म्हणतात, आणि साधारण सहा महिने असं नीट चाललं की बँक त्या गटाला कर्ज देऊ शकते. नाबार्डने १९९२ ला ५०० गटांपासून हे सुरू केलं, महाराष्ट्रात माविम, म्हणजे सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, तर १९७५ पासून बायकांसाठी काम करतंय. दुसरी गोष्ट म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचं ग्रुप लोन, तिथं बचत नसते, पाच-दहा जणींना एकमेकींसाठी जबाबदार धरतात, वसुलीला माणूस गल्लीत येतो. दिसायला दोन्ही सारखं, बायका गोल करून बसलेल्या. पण गटात आपसात दिलेल्या कर्जाचं व्याज गटाच्याच पेटीत राहतं, म्हणजे तुमचंच राहतं, कंपनीच्या लोनमध्ये ते कंपनीकडे जातं. कंपनीचं लोन कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही, दवाखान्याच्या वेळी तेच लवकर मिळतं, पण काय घेतोय ते कळून घ्यावं.

आणि व्याज. "दोन टक्क्याने आहे" एवढं ऐकून सही करू नका. २० हजार घेतले, १२ महिन्यांत फेडायचे, महिना २ टक्के. उतरत्या व्याजाने असेल तर जेवढी मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज, वर्षभराचं मिळून साधारण २६००-२७०० होतं. फ्लॅट असेल तर शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण २० हजारांवर व्याज लागत राहतं, महिना ४००, वर्षाचे ४८००. दोन्हीकडे तोंडाने "दोन टक्के"च सांगतात. अर्धी मुद्दल फेडून झालेली असते आणि तिच्यावरही व्याज चालू. म्हणून विचारायचा प्रश्न एकच, "एकूण परत किती द्यायचे?" आणि तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात मायक्रोफायनान्सवाल्यांनी कर्जाचं कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत दिलं पाहिजे, लवकर फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत असं आहे. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज घेतलेली बाई तुमच्या ओळखीत असेल तर तिला आधी हे सांगा, धंद्याचं नंतर बोला.

धंदा खरंच सुरू करायचा असेल तर कागद वाटतात तेवढे अवघड नाहीत. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर होतं आणि ते पूर्ण फुकट आहे, त्याचे हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला तर उठून या. खायचा पदार्थ विकायचा तर छोट्या धंद्याला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, बेसिक रजिस्ट्रेशन, फी वर्षाला १०० रुपये. सरकारच्या मुद्रा योजनेच्या कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही. खाद्यपदार्थ करणाऱ्या गटांसाठी २०२० पासून पीएमएफएमई योजना आहे, त्यात गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, म्हणजे सुरुवातीचे पैसे, आणि मशीनसाठी कर्ज काढलं तर प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान. पण अनुदान आहे म्हणून मशीन घेऊ नका, आधी महिना-दोन महिने हाताने करून विकून बघा, तेच गिऱ्हाईक परत येतंय का बघा, मग घ्या.

शहरातल्या बायकांनी महापालिकेत बचत गटांचं काम बघणाऱ्या विभागात जावं, गावाकडच्यांनी पंचायत समितीत उमेदच्या, म्हणजे ग्रामीण बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, लोकांना भेटावं, आणि लीड बँकेतर्फे, म्हणजे जिल्ह्यासाठी नेमलेल्या मुख्य बँकेतर्फे, चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था कुठं आहे तेही तिथंच विचारावं, तिथलं ट्रेनिंग फुकट असतं आणि त्यानंतर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावाही करतात. जाताना एकटीने जाऊ नका, गटातली एक वाचणारी सोबत घ्या. आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि गटाची वही न्या, आणि सगळ्यांवरचं नाव एकसारखं आहे का ते घरातूनच बघून निघा.